क्षयाचा ग्रॅन्युलोमा की सारकॉइडचा?

स्लाइडवर ग्रॅन्युलोमा (दाहात जमलेल्या पेशींची बारीक गाठ) दिसला की आधी त्याचा मध्य बघा. क्षयात तिथे गुलाबी, दाणेदार केसिएशन (चीजसारखा दिसणारा मृत ऊतीचा भाग) असतं, पेशींचा मागमूसही उरलेला नसतो. भोवती एपिथेलिओइड पेशी (रूप बदललेले मॅक्रोफेज), घोड्याच्या नालेसारखी न्यूक्लियाय (केंद्रकं) मांडलेल्या लँगहॅन्स जायंट सेल्स आणि लिम्फोसाइट्सची जाड कड. इथे लँगरहॅन्स लिहू नका, ती त्वचेतली वेगळीच पेशी. या एका ‘र’पायी हातचे गुण जातात.

सारकॉइडचा (सारकॉइडोसिस या दाहक आजाराचा) ग्रॅन्युलोमा घट्ट, आखीव. कडेला लिम्फोसाइट्स तुरळक, म्हणून ‘नेकेड’. अ‍ॅस्टेरॉइड आणि शॉमन बॉडीज (जायंट सेल्समधले अनुक्रमे ताऱ्यासारखे आणि थराथरांचे कण) दिसल्या तर जरूर लिहा, पण त्या फक्त सारकॉइडमध्येच सापडतात असं नाही.

आपल्याकडे क्षय इतका आहे, की केसिएशन नसलं तरी झेड-एन स्टेन (क्षयाचे जंतू दाखवणारा झील-नील्सन स्टेन) मागवाच. तो निगेटिव्ह आला म्हणूनही क्षय नाही असं म्हणता येत नाही.