पॅकेज की कलमवार बिल? छोट्या रुग्णालयानं आधी कुठल्या पॅनेलवर जावं

वाळूज पट्ट्यात सर्जिकल प्रॅक्टिस करायची तर दोन्हीकडचे पेशंट येतात. एमआयडीसीतला कामगार येतो आणि गंगापूर-पैठणकडचा शेतकरीही. नवीन मंडळी विचारतात, आधी महात्मा फुले योजना की सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) दरांनी पैसे देणारं पॅनेल, म्हणजे रुग्णालयांची ठरलेली यादी?

फुले योजनेत राज्य एका उपचाराला एक रक्कम ठरवतं. 2023 च्या शासन निर्णयात असे 1356 उपचार होते. खाट, औषधं, इम्प्लांट, जेवण, परतीचं गाडीभाडं, डिस्चार्जनंतरचे 10 दिवस, सगळं त्यातच. सीजीएचएसमध्ये शस्त्रक्रियेला पॅकेज आहेच, पण ऑपरेशन नसलेल्या पेशंटचं बिल कलमवार, म्हणजे एकेक गोष्ट वेगळी लावून, बनतं. एनएबीएच (रुग्णालयाच्या दर्जाचं मानांकन) नसेल तर दर 15 टक्के कमी. तरी कागदावर सीजीएचएसचंच उजवं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मग सीजीएचएस दरांनी पैसे देणाऱ्या एका पॅनेलचा (नाव नको) एक पेशंट आला. पायाला सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग), शुगर चारशेच्या वर, दोन दिवस आयसीयू. बिलाची फाईल वीतभर जाडीची झाली. ती दोनदा क्वेरी (शंका काढून खुलासा मागणं) लागून परत आली, एकदा तर फक्त एका पानावर शिक्का पुसट होता म्हणून. पैसे आले आठ महिन्यांनी, तेही जागोजागी कात्री लावून. ग्लोव्हजचे जोड कापले, एक अँटिबायोटिक कापलं, कारण कुठंच नाही. रात्री दवाखाना आटोपल्यावर बायको आणि मेडिकलवाला पोरगा पावत्या जुळवत बसायचे. कापलेल्या रकमेपेक्षा मला त्या रात्रीच जास्त महाग पडल्या.

पॅकेजमध्ये तोटा होत नाही असं नाही. पाच दिवसांत घरी जाणारा माणूस जखम चिघळून चौदा दिवस राहिला, तर वरचे नऊ दिवस आपल्या पदरचे. क्वेरी तिथंही लागते. पण प्रीऑथ (उपचाराआधीची परवानगी) मंजूर झाली की आकडा कळलेला असतो, आणि त्या आकड्यात बसवायचं कसं हे सर्जनला दोन वर्षांत जमतं.

अर्थात हा माझ्या वीस खाटांचा हिशोब. तुमच्याकडे ताप, दमा, आयसीयूचे पेशंट जास्त असतील तर कलमवार बिल कदाचित परवडेल. तेवढ्यासाठी बिलिंगचा एक पक्का माणूस मात्र ठेवा. मी यंदा त्या पॅनेलचं नूतनीकरण केलं नाही.

फुले योजनेचा अर्ज भरण्याआधी सरकारी रुग्णालयांसाठी राखीव उपचारांची यादी तेवढी बघून घ्या. तुमचं नेहमीचं ऑपरेशन त्यात निघालं तर वरचं सगळं गणित फिरतं.