जुनी घबराट उलटली, की गोळी सुटल्याचा त्रास?

अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम या चिंता शमवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणारा माणूस गोळी एकदम बंद करतो, आणि आठवडाभरात ‘जुना आजार उलटला’ असं निदान होतं. आधी तारखा पाहाव्यात. अल्प्राझोलम अंगातून लवकर उतरतं. १-२ दिवसांतच थरथर, घाम, झोपमोड सुरू होते. त्याच गटातलं डायझेपाम अंगात रेंगाळतं, त्रास आठवड्यानंतरही उगवू शकतो, म्हणून गोळीशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानातच येत नाही. मूळ चिंताविकार सहसा हळूहळू डोकं वर काढतो आणि ओळखीचीच लक्षणं आणतो.

पूर्वी कधीच नसलेली लक्षणं ही मोठी खूण: कानात गुंजन, उजेड-आवाज असह्य होणं, स्नायू फडफडणं, अंगावर मुंग्या, भास. फिट तर चिंताविकारात येतच नाही. भासांवरून सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराचा) शिक्का बसणं सगळ्यात वाईट. त्यावर दिल्या जाणाऱ्या काही अँटिसायकोटिक औषधांनी फिटचा धोका आणखी वाढतो.

गोळी परत दिल्यावर बरं वाटलं, हा पुरावा कच्चाच. ती दोन्हींत आराम देते. गोळी सुटल्याचा त्रास असेल तर डोस आधी स्थिर करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर २-४ आठवड्यांनी ५-१० टक्के कपात करतात. विकार उलटला असेल तर सीबीटी (विचार-वर्तन बदलणारी समुपदेशनाची पद्धत) किंवा एसएसआरआय (चिंता-नैराश्यावरच्या औषधांचा एक गट); त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात.