घर हलवताना: टेम्पो-हमाल की पॅकर्स-मूव्हर्स?

पुण्यातल्या पुण्यात, कोथरूडहून बाणेरला वन बीएचके हलवायचं असेल तर मी छोटा हत्ती आणि ओळखीचे हमालच सांगेन. सामान डोळ्यांसमोर राहतं, खर्चही कमी. मजला कितवा, लिफ्ट आहे का, हे मात्र फोनवरच सांगा. नाहीतर दारात घासाघीस सुरू होते.

पुणे-नागपूरला कंपनीच हवी. सुमारे ७०० किलोमीटरच्या वाटेत माल दुसऱ्या गाडीतही चढवला जातो. म्हणून घरी येऊन, सामान बघून लेखी कोटेशन देणारीच निवडा. सामानाच्या यादीत प्रत्येक नग लिहून घ्या, फ्रिजच्या दारावरचा जुना पोचासुद्धा. बिल्टी (माल पाठवल्याची वाहतूकदाराची पावती) आणि ट्रान्झिट विम्याचा, म्हणजे वाटेतल्या नुकसानीच्या विम्याचा, कागद हातात घ्या. ‘विमा आहे हो’ एवढ्यावर गाडी सोडू नका. सगळे पैसे आगाऊ मागितले तर सरळ नाही म्हणा. दागिने आणि कागदपत्रं दोन्ही वेळी स्वतःजवळच ठेवा.