काळ्या धुराला ‘रिंगा गेल्या’ सांगून ६,५०० रुपये घेतले

माझी बाइक २००६ ची, दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). रोज कळवा ते वागळे इस्टेट. गेल्या पावसाळ्यात ती काळा धूर सोडायला लागली, ॲव्हरेज ४५ वरून ३० वर आलं, सिग्नलला थांबलं की पेट्रोलचा वास. घराजवळच्या गॅरेजवाल्याने धूर बघताच सांगितलं, “पिस्टनच्या रिंगा गेल्या दादा, कार्बोरेटरपण नवा लागेल.” मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून ६,५०० मोजले. दोन दिवसांनी गाडी मिळाली, धूर बंद. तीन आठवड्यांत पुन्हा सुरू!

मग ऑफिसातल्या एकाने कोपरीतल्या एका वयस्कर मेकॅनिककडे नेलं. त्या काकांनी इंजिन चालू ठेवून नुसतं हँडल डावी-उजवीकडे वळवलं. एका बाजूला वळलं की इंजिनाचा आवाज चढायचा. “चोकची केबल ताणली जातेय,” म्हणाले.

चोक ओढला की कार्बोरेटरमधला छोटा प्लंजर उचलला जातो आणि जास्तीचं पेट्रोल आत जातं. थंड इंजिनाला ते हवं असतं, पण नंतर प्लंजर पूर्ण खाली बसायला हवा. केबलला ढील नसेल तर तो अर्धवट वर अडकतो, चोक कायम थोडा उघडाच राहतो. काकांनी केबलचा ताण कमी-जास्त करणारा ॲडजस्टर फिरवून केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील दिली, ॲडजस्टरला जागेवर धरणारा लॉकनट घट्ट आवळला. पाच मिनिटं. लॉकनट आधी कुणीतरी सैलच सोडला होता, म्हणून ॲडजस्टर हळूहळू सरकला होता. म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्यालाही दुखणं नेमकं कळलं होतं! काकांनी स्पार्क प्लग काढून दाखवला, काजळीने काळाकुट्ट. रिंगा गेल्या तर ऑइल जळतं, धूर निळसर येतो. काळा धूर जादा पेट्रोलचा. हे मला आधी माहीत असतं तर!

मग त्यांनी इंजिनाचे बोल्ट दाखवले. वर्षानुवर्षांचा मळ तसाच, पान्याची खूण नाही, म्हणजे इंजिन उघडलंच नव्हतं. ‘नव्या’ कार्बोरेटरवर माझ्याच हातून पडलेला जुना ओरखडा होता. फक्त धुऊन बसवला होता.

तुमच्या गाडीला चोक केबल असेल तर इंजिन उघडायला हो म्हणण्याआधी हँडल वळवून बघा, केबलची ढील बघा.

मी त्या गॅरेजात परत गेलो, जुन्या रिंगा मागितल्या. “भंगारात गेल्या,” म्हणाला. बिल त्याने दिलं नव्हतं, आणि मीही मागितलं नव्हतं.