‘गेट’वरची साठ रुपयांची पुस्तिका: सांगलीत इंग्रजी शिकणाऱ्यांनी घ्यावी का?

विश्रामबागेतल्या एका स्पोकन इंग्लिश क्लासमध्ये ही बत्तीस पानी पुस्तिका मिळते. ‘गेट’ म्हणजे मिळणे, एवढ्यावर गाडी अडलेल्यांसाठी ती आहे. कुपवाड एमआयडीसीत मेल लिहिणाऱ्यांना जास्त उपयोगी, दहावीच्या मुलांना जरा जड.

सुरुवात ठरलेली आहे. पुढे नाम आलं तर मिळणे, विशेषण आलं तर होणे (‘गॉट वेट’, म्हणजे भिजलो), ठिकाण आलं तर पोचणे (‘गॉट टू मिरज’). ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’च्या आधी ‘टू’ लागत नाही, हे मात्र ठळक छापलंय ते बरं केलं.

पैसे वसूल होतात ते तिसऱ्या प्रकरणात. ‘मी केस कापले’ म्हटलं तरी कापणारा न्हावीच, हे मराठीत कळतं. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की कात्री तुमच्याच हातात. मराठीत ‘करून घेतलं’ म्हणायची जागा आली की साचा असा: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘वी गॉट द केन हार्वेस्टेड’, ऊस तोडून घेतला. इथं पुस्तिका एक चूक करते: पहिलंच उदाहरण ‘गॉट माय हेअर कट’ देते. ‘कट’ची तिन्ही रूपं सारखीच, त्यामुळे तिसरं रूप लागतं हे दिसतच नाही, आणि मुलं ‘गॉट माय बाइक रिपेअर’ लिहितात. ‘रिपेअर्ड’पासून सुरुवात हवी होती. माणसाकडून करून घ्यायचं तर ‘टू’ येतो, ‘गॉट हिम टू साइन’. ‘मेड हिम साइन’ला तो नाही.

शेवटचा साठेक जोडक्रियापदांचा तक्ता पाठांतराचा माल आहे. बसमध्ये ‘गेट ऑन’, रिक्षात ‘गेट इन’. बसमधून ‘गेट ऑफ’, रिक्षातून ‘गेट आउट’ हा फरक तक्त्यात हरवलाय. एसटीतून उतरताना आपल्याकडे सर्रास चालणारं ‘गेट डाउन’ झाडावरून किंवा शिडीवरून उतरण्यासाठी योग्य, तेही सांगितलेलं नाही. ‘आय ॲम गेटिंग लेट’वर तर अवाक्षर नाही. स्वतःला उशीर होत असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’. ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणजे वेळ बरीच झाली.

उच्चार देवनागरीत दिलेत, त्यामुळे फाटकाचं गेट आणि हे गेट एकसारखंच छापलं गेलंय. हा उच्चार आखूड करायचा.

उत्तरांचं पान सुटं आहे. घेताना मागून घ्या, नाहीतर तिसऱ्या प्रकरणाचा सराव तपासता येणार नाही.