धावताना श्वास नाकाने की तोंडाने?

पर्वतीच्या १०३ पायऱ्या तोंड मिटूनच चढायच्या, असा नेम केलेले लोक सकाळी हमखास भेटतात. कारण विचारलं की सांगतात, नाकातलं नायट्रिक ऑक्साइड फुप्फुसात जायला हवं. मुद्दा खरा आहे. हा वायू मुख्यतः नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये बनतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या लुंडबर्ग आणि वाइट्झबर्ग यांच्या गटाने १९९५ मध्ये ते दाखवलं. नाकाने श्वास घेतला की तो खाली उतरतो आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करतो. तोंडाने घेतला की नाकाचा हा वाटा बुडाला.

पण दम लागेपर्यंत व्यायाम केला की नाकातल्या हवेत त्याचं प्रमाण घटतं. बसल्या जागी मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत जाते, जोरात धावताना ती कित्येक पट होते आणि वायू तिच्यात विरळ होतो. शिवाय नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात. थंडीत चोंदलेलं नाक दहा मिनिटं पळाल्यावर आपोआप मोकळं होतं ना, ते त्यामुळेच.

म्हणून गप्पा मारता येतील अशा चालीला नाकच बरं. हवा गाळली जाते, ओली आणि कोमट होऊन आत जाते. पळताना छातीत घरघर होणाऱ्या दमेकऱ्याला तर थंडीत याचा मोठा आधार. मिनिटाला पस्तीस-चाळीस लिटरच्या पुढे मात्र बहुतेकांचं तोंड आपसूक उघडतं. तिथे ओठ दाबून धरण्यात मला काहीच लाभ दिसत नाही, नुसती घुसमट होते.

नायट्रिक ऑक्साइडच हवं असेल, तर भ्रामरी या दोन्हींच्या पुढे आहे. गुणगुणताना गालाच्या हाडावर बोट ठेवा, थरथर लागते. त्या कंपनाने सायनसमधली हवा नाकात येते. २००२ मध्ये याच दोघांनी मोजलं तेव्हा शांत उच्छ्वासापेक्षा पंधरा पट वायू मिळाला. भर असतो पहिल्या हुंकारावर, पुढच्यांना कमी कमी होत जातो. तीनेक मिनिटं गप्प राहिलं की साठा पुन्हा भरतो. सायनसची तोंडं बंद असतील तर ही वाढ दिसत नाही, तेव्हा आधी सर्दीचा इलाज.

मी यवतेश्वरच्या घाटात चढ लागला की तोंड उघडतो, उतारावर मिटतो. भ्रामरी घरी आल्यावर, घाम वाळला की.