घरगुती ध्वनिमुद्रणासाठी जुन्या संगणकात केलेले बदल: रायझन ७ ५७००एक्स आणि सोबतचे भाग

संगणकाच्या भागांची परीक्षणे बहुधा खेळ किंवा व्हिडिओ-संकलन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला त्यांतून फारसे काही हाती लागत नाही, कारण संगणकाने एखादे मोठे काम किती लवकर संपवले यापेक्षा काही मिलिसेकंदांची ठरलेली मुदत त्याने एकदाही चुकवली नाही ना, हे त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. येथे परीक्षण केलेला संगणक बी४५० मदरबोर्डचा आहे. त्यात रायझन ५ २६०० हा २०१८ सालचा प्रोसेसर, ८ जीबी रॅमच्या दोन पट्ट्या आणि एक साटा एसएसडी होती. मदरबोर्ड, केबिनेट आणि यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन व वाद्ये संगणकाला जोडणारे उपकरण) तसेच ठेवून त्यात रायझन ७ ५७००एक्स, ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी आणि नॉक्टुआचा एनएच-यू१२एस हा कूलर बसवला. या चार भागांपैकी दोनच भाग ध्वनिमुद्रणाच्या खऱ्या उपयोगाचे ठरले.

पहिला अर्थातच प्रोसेसर. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ध्वनीची ४८,००० मोजमापे (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी प्रक्रियेला घेतलेला तुकडा) ठेवला, तर प्रत्येक तुकड्यावरची सगळी प्रक्रिया सुमारे २.७ मिलिसेकंदांत आटोपावी लागते. ती आटोपली नाही की हेडफोनमध्ये चट्ट असा आवाज येतो आणि चांगला जमलेला टेक वाया जातो. आवाज आत येताना एक आणि बाहेर जाताना एक असे दोन बफर, त्यात इंटरफेसमधील रूपांतराचा आणि ड्रायव्हरने सुरक्षेसाठी राखलेला वेळ मिळवला, की प्रत्यक्ष विलंब बराच वाढतो, आणि अँप-सिम्युलेटरमधून (अँप्लिफायरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) गिटार वाजवणाऱ्याला तो बोटांखाली जाणवू लागतो. म्हणूनच बफर लहान ठेवण्याची सगळी धडपड असते. येथे टास्क मॅनेजरमधील टक्केवारीवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण ती सरासरी असते. प्रोसेसर ३० टक्केच कामात आहे असे दिसत असतानाही एखादा कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणना करणारा भाग) आपली मुदत चुकवत असू शकतो. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये ‘आरटी सीपीयू’ हा आकडा वेगळा दाखवतात. पाहायचा तो हाच.

एका ट्रॅकवर लावलेले प्लगिन (ध्वनीवर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) एकामागून एक चालतात. रांगेत उभे राहून हातोहात घमेली पुढे देणाऱ्या माणसांप्रमाणे आधीच्याने दिल्याशिवाय पुढच्याला काही करता येत नाही, त्यामुळे एकाच ट्रॅकवरची साखळी कितीही कोअर असले तरी एकाच कोअरच्या वेगाने पुढे सरकते. त्यातही ज्या ट्रॅकवर मुद्रण चालू आहे आणि जो त्याच वेळी प्लगिनसह ऐकला जात आहे, त्याची प्रक्रिया आगाऊ करून ठेवता येत नाही. या दृष्टीने २६०० आणि ५७००एक्स यांची कागदावरची तुलना थोडी फसवी आहे. दोघांचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झच आहे, कमाल वेग अनुक्रमे ३.९ आणि ४.६ गिगाहर्ट्झ. मात्र २६०० मधील सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले असून प्रत्येक गटाला ८ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधीलच वेगवान स्मृती) मिळते, तर ५७००एक्समधील आठही कोअर एकाच गटात असून ३२ एमबी कॅशे सर्वांना सामाईक आहे. ट्रॅक, बस (अनेक ट्रॅक एकत्र येतात तो मार्ग) आणि मास्टर (अंतिम मिश्रणाचा मार्ग) यांच्यात ध्वनीची माहिती सतत एका कोअरकडून दुसऱ्याकडे जात असते, त्यामुळे लहान बफरवर हा फरक स्पष्ट दिसतो. पूर्वी २५६ सॅम्पलवर कसेबसे चालणारे प्रकल्प आता १२८ वर निर्धास्त चालतात आणि हलके प्रकल्प ६४ वरही तग धरतात.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मदरबोर्डचे बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करावे लागते, कारण जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर लावल्यास संगणक सुरूच होणार नाही. ५७००एक्समध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, आणि खोक्यात कूलरही येत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नको असेल तर ५७००जी हा पर्याय आहे. मात्र त्यात एल३ कॅशे निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे.

दुसरा उपयोगी भाग म्हणजे कूलर, आणि गायन मुद्रित करणाऱ्याने त्याला प्रोसेसरच्या बरोबरीचे महत्त्व द्यावे असे माझे मत आहे. कंडेन्सर मायक्रोफोन पंख्याची घरघर हमखास टिपतो. पुढे कॉम्प्रेसरने (मोठा आवाज दाबणाऱ्या प्लगिनने) गाण्याचे मोठे आवाज १० डेसिबल दाबून तेवढीच पातळी वर आणली, की दोन ओळींमधल्या शांततेतील ती घरघरही १० डेसिबलने वर येते. ५७००एक्सची उष्णतेची मर्यादा ६५ वॅट आहे, त्यामुळे एवढ्या मोठ्या हीटसिंकवरचा १२० मिलिमीटरचा पंखा बहुतेक वेळ अगदी संथ ठेवता येतो. बायोसमधील पंख्याचा आलेख मात्र स्वतः बसवून घ्यावा. एकसारखी मंद घरघर एक वेळ काढून टाकता येते, पण प्लगिन उघडताच चढणारा आणि लगेच उतरणारा पंखा मुद्रणात फार खटकतो. कूलरची उंची १५८ मिलिमीटर असल्याने अरुंद केबिनेटमध्ये तो मावणार नाही. केबिनेट मायक्रोफोनच्या पाठीमागे येईल अशी मांडणी केल्यास कार्डिऑइड (मागचा आवाज कमी टिपणारा) मायक्रोफोन उरलेला आवाजही बराच टाळतो.

एनव्हीएमई एसएसडीने निराशा केली; अर्थात दोष तिचा नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट जागा घेतो, म्हणजे एकदम १६ ट्रॅक मुद्रित केले तरी सुमारे २.३ मेगाबाइट. हे काम जुनी फिरती डिस्कही करते, मग साटा एसएसडीच्या सेकंदाला ५५० आणि एनव्हीएमईच्या ३,५०० मेगाबाइटमधला फरक कुठे दिसणार? मोठी सॅम्पल लायब्ररी थोडी लवकर उघडते, इतकेच. ज्याच्याकडे अजून फिरती डिस्क आहे त्याने मात्र कोणतीही एसएसडी जरूर घ्यावी, निदान फिरत्या डिस्कचा आवाज तरी बंद होईल.

रॅमचे उत्तर कामावर अवलंबून आहे. सॅम्पलवर आधारित पियानो किंवा वाद्यवृंदाच्या लायब्ररी प्रत्येक स्वराचा आरंभीचा भाग रॅममध्ये ठेवतात आणि उरलेला डिस्कवरून वाचतात. अशी वाद्ये भरपूर लागत असतील तर ३२ जीबी घ्यावी. आवाज आणि खरी वाद्ये मुद्रित करणाऱ्याला १६ जीबी पुरते.

या सगळ्याच्या आधी करायची बिनखर्चाची गोष्ट म्हणजे ड्रायव्हरची तपासणी. नवा प्रोसेसर बसवल्यावरही मधूनमधून चट्ट आवाज येतच होते. ड्रायव्हरमुळे होणारा विलंब तपासणारे लेटन्सीमॉन चालवल्यावर त्याचे मूळ वायरलेस कार्डच्या ड्रायव्हरमध्ये सापडले, आणि मुद्रणाच्या वेळी ते कार्ड बंद ठेवताच त्रास थांबला. विंडोजवर इंटरफेसच्या उत्पादकाचाच एएसआयओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर वापरावा आणि पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवावा.

इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरिंगने स्वतःचा आवाज थेट ऐकत गाणाऱ्याला आणि मिक्सिंग नंतर सावकाश करणाऱ्याला ५७००एक्सची गरज नाही. मिक्सिंग करताना १,०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा विलंब, आणि तेव्हा तो कोणाला अडवत नाही. जड ट्रॅक फ्रीज केले (प्रक्रियेसह आधीच तयार करून ठेवले) की २६०० सुद्धा पुरेसा वेळ हाताशी राखतो. अशा व्यक्तीने केवळ कूलर बदलावा.